पोथ्यांच्या पेटीतले कांदे

"पण आई, मठात कांदा कशाला?"

"तोंडी लावायला."

त्रिंबकाला हे उत्तर पुरलं नाही. एका दमात संपणारं कुठलंच उत्तर त्याला पुरत नसे. बारा वर्षं पाठशाळेत काढलेला माणूस तो. साधं 'हो' म्हणायचं तरी आधी दोन आधार द्यायचा.

येसूआई वाफ्यात उकिडवी बसून कांद्याची रोपं लावत होती. वय पंचाहत्तरीच्या पुढे, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, हात कोपरापर्यंत चिखलात. पिंपळदरीच्या टेकडीवरच्या मठाची गुरू ती हीच, हे नव्या माणसाला सांगावं लागे. सांगूनही काही जण विश्वास ठेवत नसत आणि आत जाऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी पाया पडत. बहुतेक वेळा त्रिंबकाच्याच. तो पडू देई.

"कांदा तामसी आहे," त्रिंबक म्हणाला. "शास्त्रात स्पष्ट..."

"शास्त्र जरा खाली ठेव आन् ती रोपांची जुडी दे इकडं."

त्याने दिली. दोन बोटांत धरून, अंगापासून लांब ठेवून दिली.

येसूआई बोटाने चिखलात भोक पाडी, रोप उभं करी, मुळाशी माती दाबी. मग चार बोटं जागा सोडून पुढचं रोप. मोरीचं पाणी पाटातून वळत वळत वाफ्यात येत होतं. पौषातलं ऊन पाठीवर होतं आणि म्हातारी मजेत होती.

त्रिंबक उभाच राहिला. त्याला खरं म्हणजे कांद्याबद्दल काही विचारायचं नव्हतं. विचारायचं होतं ते वेगळंच, आणि ते गेले तीन महिने त्याच्या ओठांवर होतं.

"आई... बोरखिंडीला मी कधी जाऊ?"

बोरखिंड चार कोसांवर. तिथेही याच परंपरेचा मठ होता. तिथले म्हातारे महाराज गेल्या वर्षी वारले आणि तेव्हापासून मठाच्या ओसरीवर दिवा होता, पण शिकवणारं कुणी नव्हतं. गावकरी येसूआईकडे माणूस मागत होते. आपणच तो माणूस, याबद्दल त्रिंबकाला शंका नव्हती. शंका येसूआईच्या मनात काय आहे याची होती. तिने 'हो' म्हटल्याशिवाय बोरखिंडीच्या गादीवर कुणी बसू शकत नव्हतं.

येसूआईने एक रोप लावलं. मग दुसरं.

"ह्यो शेजारचा वाफा तुझा," ती म्हणाली. "लाव. कांदेनवमीला तुझ्या हातचा कांदा माझ्या हातावर ठेव. मग बोलू."

कांदेनवमी म्हणजे आषाढातली शुद्ध नवमी. दोन दिवसांनी एकादशी, आणि तिथून पुढे चार महिने मठात कांदा बंद. म्हणून नवमीला मनसोक्त खाऊन घ्यायचा. मठाचा स्वयंपाकी सावळाराममामा या दिवसाची वाट जितक्या भक्तिभावाने पाही, तितक्या भक्तिभावाने त्याने आजवर दुसऱ्या कशाचीच वाट पाहिली नव्हती.

"एवढंच?" त्रिंबकाने विचारलं.

"एवढंच. काही इचारायचंय?"

त्रिंबक हसला. थोडं वरूनच हसला.

"कांद्यात विचारायचं काय, आई?"

येसूआईने त्याच्याकडे पाहिलं... आणि पुढचं रोप उचललं.

*

वाफा मात्र त्याने मनापासून केला. हे त्याचं कौतुक करायलाच हवं. माती बोटांना लागायची तर आधी संकल्प सोडायचा, लावून झालं की स्नान करायचं, असा सगळा थाट. पण रोज पहाटे उठून पाणी घालायचा आणि एक गवताची काडी वाफ्यात ठेवायचा नाही. कांदा आता कांदा राहिला नव्हता, गुरूची आज्ञा झाला होता.

फाल्गुन सरता सरता त्याचे कांदे मातीबाहेर खांदे काढून बसले. मुठीएवढे. येसूआईचे आपले बेताचे, लिंबापेक्षा जरा मोठे. त्रिंबक सकाळी दोन्ही वाफ्यांमधून चालायचा तेव्हा त्याची चाल बदलायची.

चैत्रात येसूआईच्या वाफ्यातल्या पातींनी माना टाकल्या. पात बुडाशी मऊ होऊन जमिनीवर आडवी पडली. येसूआईने त्या दिवसापासून पाणी तोडलं.

त्रिंबकाची पात हिरवीगार, ताठ. त्याला वाटलं, आपली पात पडायच्या आधी आपणच तिला जगवायला हवं. त्याने पाणी वाढवलं.

"महाराज, आता पानी तोडा," सावळाराममामा विळी-पाटाशी बसल्या बसल्या म्हणाला. "कांदा तहानला की पक्का व्हतो."

"मामा, तुम्ही फोडणी सांभाळा."

मामाने फोडणी सांभाळली. त्याला 'महाराज' म्हणताना मामाचा एक डोळा नेहमी किंचित बारीक व्हायचा, हे त्रिंबकाच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

दोघांनी एकाच दिवशी कांदे काढले. येसूआईने आपले पातीसकट पडवीच्या सावलीत पसरले आणि दहा-बारा दिवस त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग वाळल्या पातींच्या वेण्या घातल्या आणि पडवीच्या आढ्याला टांगल्या. वाऱ्यावर हलायच्या. जोडकांदे, फुलाचा दांडा आलेले, जाड मानेचे असे तिने आधीच वेगळे काढून मामाला दिले होते. ते रोजच्या जेवणात पहिल्यांदा संपले.

त्रिंबकाने आपले कांदे विहिरीवर नेले.

त्याने ते धुतले. एकेक करून, तीन पाण्यांनी. माती लागलेली वस्तू गुरूच्या हातावर कशी ठेवायची? वरची कळकट सालं चोळून चोळून काढली, तेव्हा आतून गुलाबी, झळझळीत कांदा निघाला. पात बुडापासून सफाईने कापली. मग धुतलेल्या पंच्याने पुसले.

येसूआई तिकडून चालली होती. थांबली. तोंड उघडलं... मिटलं.

"काही इचारायचंय का रे?"

"नाही, आई. सगळं व्यवस्थित आहे."

"बरं," म्हणाली आणि पदराने तोंड पुसत पुढे गेली. ती हसू पुसत होती, पण त्रिंबकाला वाटलं, घाम.

पहिल्याच आठवड्यात त्रिंबकाच्या कांद्यांतले दोन सर्वांत मोठे मामाने झुणक्यात घातले. त्रिंबकाचा जीव तुटला. मठात कुलूप लागेल अशी एकच वस्तू होती, त्याची पोथ्यांची पेटी. शिसवी लाकडाची, घट्ट झाकणाची. त्याने तळाशी कांदे गच्च भरले, वर फळी बसवली, फळीवर रेशमी रुमालात बांधलेल्या पोथ्या रचल्या. कुलूप लावलं. किल्ली जानव्याला बांधली.

त्या रात्री त्याला शांत झोप लागली. ज्ञान वर, आज्ञा खाली आणि किल्ली आपल्यापाशी.

*

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. पावसाची झड लागली. मठाच्या भिंतींना ओल आली.

त्रिंबकाच्या खोलीत कसलासा वास येऊ लागला. त्याने ऊद जाळला. वास वाढला, त्याने ऊद वाढवला. एक दिवस स्वयंपाकघरात जाऊन त्याने मामाला शुचितेवर चांगलं अर्धा तास ऐकवलं. मामाने मुकाट्याने ऐकून घेतलं, मग सगळी भांडी पुन्हा घासली आणि स्वतःचं अंग हुंगून पाहिलं.

पुढे त्रिंबकाच्या नाकाला सवय झाली. वास गेला असं त्याने धरलं.

*

कांदेनवमीच्या सकाळी बोरखिंडीची माणसं आली. पुढे रंभाजी पाटील, डोक्यावर घोंगडीची खोळ. मागे हौसाबाई, बोरखिंडीच्या मठात रोज सडा घालणारी, तोंडाची फटकळ आणि मनाची लख्ख. शिवाय दहा-बारा बायामाणसं.

"आई, आज मानूस घेऊनच जानार," पाटील पाया पडत म्हणाले. "वरीस झालं आमच्या मठात कुनी बोललं न्हाई."

"बघू की," येसूआई म्हणाली. "आधी बसा. त्रिंबक दोन शब्द सांगंल. मग भजी खाऊ."

त्रिंबक उठला. हाच तो दिवस. तो खोलीत गेला, पेटी उघडून वरची पोथी घेतली, रेशमी रुमालासकट. सभामंडपात येऊन बसला. बाहेर पाऊस तिरपा येत होता म्हणून मामाने दारं लोटून घेतली होती.

त्रिंबकाने रुमाल सोडला आणि पोथी उघडली.

विषय त्याने मुद्दाम निवडलेला होता: संतांच्या सहवासाचा सुगंध.

"सुगंध लपवता येत नाही," त्याने सुरुवात केली. आवाज छान लागला होता. "तो पेटीत ठेवा, कुलपात ठेवा, तो बाहेर येतोच..."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला.

तिच्या शेजारणीनेही लावला. मग सगळी रांगच. एका म्हाताऱ्याचे डोळे पाणावले. पाटलांनी उपरण्यात तोंड लपवलं.

त्रिंबकाला भरून आलं. आजवर इतकी माणसं त्याच्या शब्दांनी अशी हलली नव्हती. पदराआड हुंदके दाबतायत बिचारी, असं वाटून त्याने आवाज आणखी हळवा केला आणि पोथीचं पान उलटलं.

पान उलटलं तशी मागची रांग उठून दाराकडे सरकली.

"महाराज," हौसाबाई नाकावरचा पदर न काढता म्हणाली, "पोथीत काय मेलंय का?"

...



त्रिंबकाने पोथी नाकाशी नेली. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच त्याने खरोखर वास घेतला. पोथी तिथेच ठेवून तो खोलीकडे धावला. पाटील धावले, मामा धावला, त्यांच्यामागे नाक धरून अख्खं बोरखिंड धावलं.

पेटी उघडी होती. त्याने पोथ्या उतरवल्या आणि फळी उचलली.

आणि तो झटकन मागे सरला.

त्याचे झळझळीत, गुलाबी, तीन पाण्यांनी धुतलेले कांदे काळे पडले होते. एकमेकांवर बसून एकमेकांना घेऊन सडले होते. तळाशी पाणी साचलं होतं. चिलटांचा एक ढग उठला आणि सगळ्यांच्या तोंडाभोवती फिरला.

गुरूच्या हातावर ठेवायचा कांदा तो हा. बोरखिंडीची माणसं दारात उभी, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर हे.

मामाला दया आली. मनाने मऊ माणूस. तो घाईघाईने पुढे झाला आणि झाकण खाली ओढत म्हणाला, "उंदीर मेला आसंल, पाटील. पावसाळ्यात शिरत्यात. महाराजांचा काय दोष."

त्रिंबकाने मामाकडे पाहिलं. वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. उंदरावर ढकलून बोरखिंडीला जाता आलं असतं.

त्याने येसूआईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि पावसाकडे बघत होती.

"उंदीर नाही, मामा," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "कांदे आहेत. माझे."

...

"मी ते धुतले," तो म्हणाला. "तीन पाण्यांनी. वरची सालं काढली, चांगली दिसेनात म्हणून. मामा म्हणाले पाणी तोडा, तर मी त्यांना फोडणी सांभाळायला सांगितली. नंतर मामांनी दोन खाल्ले म्हणून हे कुलपात घातले. वास यायला लागला तर... तर मामांनाच आंघोळीवर व्याख्यान दिलं."

"तवा मी दोनदा आंघोळ केली," मामा हळूच म्हणाला. "दोन दिवस."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि आत्ता," त्रिंबक पुढे म्हणाला, कारण आता थांबणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं, "तुम्ही सगळ्यांनी पदर लावले, तर मला वाटलं... मला वाटलं, तुम्ही रडताय. माझं ऐकून."

हौसाबाईने पदर काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि ती जी हसत सुटली ती तिथेच मटकन खाली बसली. पाटील दाराची चौकट धरून हसू लागले. मामा आधी मालकाकडे बघावं तसं भीत भीत त्रिंबकाकडे बघत होता. मग त्यालाही आवरेना.

आणि त्रिंबक हसला. वरून नाही, पोटातून. हसता हसता पेटीशीच बसला, चिलटं तोंडात गेली, थुंकला आणि पुन्हा हसला. तीन वर्षांत मठातल्या कुणी त्याचे सगळे दात पाहिले नव्हते. त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

हसू ओसरलं तसं त्याने डोळे पुसले. तसाच बसल्या बसल्या येसूआईकडे वळला.

"आई... कांदा ठेवायचा कसा?"

येसूआई भिंतीपासून सुटली. तिने दोन्ही हातांनी टाळी वाजवली, जत्रेत पाळणा दिसलेल्या मुलीसारखी.

"इचारलं!" ती मामाला म्हणाली. "सावळ्या, इचारलं ह्यानं! कढई चढीव."

*

मग ती तिथेच, पेटीशी, त्याच्या मांडीला मांडी लावून बसली. तिने सांगितलं, त्याने ऐकलं. कांदा धुवायचा नाही, त्याला त्याची माती पुरे. साल काढायची नाही, ते त्याचं पांघरूण. मान बोटभर ठेवायची. वारा लागू द्यायचा. एकमेकांना चेपेल असा भरायचा नाही. आणि जाड मानेचा, मोठा, डौलाचा कांदा आधी खाऊन टाकायचा, तो टिकत नाही.

"मोठाच आधी?" त्रिंबकाने विचारलं.

"मोठाच आधी."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुला इचारायचं नव्हतं. मी दोनदा इचारलं, काही इचारायचंय का म्हणून."

त्याने मान खाली घातली. मग पुन्हा हसला.

दोघांनी मिळून पेटी उपसली. साफ गेलेले उकिरड्याच्या टोपलीत. अर्धे बरे होते ते कापून मामाकडे. तळाच्या एका कोपऱ्यात, जिथे पेटीच्या लाकडाला फट होती आणि थोडा उजेड पडत होता, तिथे त्रिंबकाच्या हाताला एक कांदा लागला. मऊ पडलेला, सुरकुतलेला. पण वरून वीतभर हिरवा कोंब फुटलेला.

"हाही गेला," म्हणत त्याने तो टोपलीकडे नेला.

येसूआईने त्याचं मनगट धरलं.

"ह्यो गेला न्हाई. ह्याला अंधारात राहवलं न्हाई. कोंब आला की कांदा ठेवायचा न्हाई, ठेवला की सडतो. मातीत लावायचा. पात देतो, थंडीत फुलला तर बी देतो. एकाचे शंभर करतो."

तिने तो लुगड्याच्या ओच्यात घातला.

*

मग जेवणं झाली. काय जेवणं झाली ती! कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, भरल्या कांद्यांचा रस्सा, वर येसूआईच्या वेण्यांतला कांदा बुक्कीने फोडून. पाऊस कोसळत होता, दारं सताड उघडी होती, आणि त्रिंबक मामाच्या शेजारी बसून भजी तळत होता. पहिला घाणा त्याने जाळला. बोरखिंडीच्या लोकांनी तोही संपवला आणि त्याची थट्टाही केली. हौसाबाई दर घाण्याला ओरडायची, "महाराज, सुगंध येतोय!" आणि पंगतच्या पंगत हसायची. तो प्रत्येक वेळी हसत होता.

हात धुऊन झाले तसे रंभाजी पाटील येसूआईसमोर येऊन बसले.

"आई, आता मानसाचं बोला."

त्रिंबक उठून उभा राहिला. पिठाचे हात त्याने धोतराला पुसले.

"पाटील, मी आधी बोलतो," तो म्हणाला. "सकाळपर्यंत मला वाटत होतं की मीच यायला हवा. मला यायचंही होतं, खोटं कशाला बोलू. पण आईंनी सांगितलं होतं, नवमीला हातावर एक चांगला कांदा ठेव. माझ्याकडे एकही नाही. मी अजून कच्चा आहे. मला इथेच राहू द्या. एक वाफा अजून लावीन... या वेळी विचारून लावीन."

त्याला रडू येत होतं आणि तरी तो हसत होता. पाटलांनी येसूआईकडे पाहिलं.

येसूआईच्या सबंध चेहऱ्यावर हसू होतं.

"त्रिंबक, इकडं ये."

तो गेला. तिने ओच्यातून तो सुरकुतलेला, हिरव्या कोंबाचा कांदा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. मग आपला हात पुढे पसरला.

तो क्षणभर घुटमळला. मग त्याने तो कांदा तिच्या हातावर ठेवला.

तिने तो पाटलांच्या ओंजळीत दिला. दुसऱ्या हाताने त्रिंबकाच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि त्याला पाटलांकडे ढकललं.

"रंभाजी, आजच घिऊन जा. कोंब आलाय, आता ठेवून चालायचं न्हाई."